खासगी अभ्यासाचा हक्क : हंटर आयोगापासून हातातल्या फोनपर्यंत

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला जे निवेदन दिले, त्यातील काही मागण्या आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहेत. प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत सक्तीचे करा, शिक्षक कुणब्या-कष्टकऱ्यांच्या जातींतून घ्या, शेतीचे ज्ञान शाळेत द्या, महार-मांगांच्या मुलांना शाळेत व्यवहारात जागा मिळत नाही तेव्हा त्यांच्यासाठी शाळा काढा. व्याख्यानांतून, शिबिरांतून ह्या मागण्या आपण सांगत आलो. परंतु त्याच निवेदनात आणखी एक मागणी आहे आणि तिच्याकडे आपल्या चळवळीचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मुंबई विद्यापीठ प्रवेश परीक्षेला घरी अभ्यास करणाऱ्या उमेदवारांना बसू देते, ही सवलत वरच्या पदवी परीक्षांनाही द्या, असे जोतीराव म्हणतात. कॉलेजात जाऊन शिकणे अनेकांना नाना कारणांनी अशक्य असते, खासगी अभ्यासाला मान्यता दिली तर पुष्कळ तरुण घरी शिकतील आणि उच्च शिक्षणावर होणारा सरकारी खर्चही कमी होईल, असा त्यांचा मुद्दा आहे.

आज 'ऑनलाइन कोर्स' हा शब्द आपल्या वस्त्यांतही पोहोचला आहे. मी अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. नववी ते बारावीची मुले आणि त्यांचे आईबाप माझ्याकडे येतात आणि विचारतात, विज्ञान फोनवर चांगले कोठे शिकायला मिळते, फुकट मिळते का, मराठीत मिळते का. या प्रश्नाचे उत्तर चार संकेतस्थळांची नावे सांगून संपत नाही, कारण हा प्रश्न फोनच्या आधीपासूनचा आहे. ज्याला शाळेने दाराबाहेर ठेवले त्याने ज्ञान कोठून मिळवायचे, हाच तो प्रश्न. म्हणून त्याचा इतिहास मांडणे मला आवश्यक वाटते.

१. नगरचे कागद आणि नगरची शाळा

या इतिहासात आमच्या जिल्ह्याचे स्थान मोठे आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले. मिस सिंथिया फरार १८३९ मध्ये येथे आल्या आणि १८६२ मध्ये मृत्यू होईपर्यंत मुलींना शिकवीत राहिल्या. त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीरावांनी पुण्यात १८४८ साली शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे याच फरारबाईंकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात.

नगरमधूनच १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, यात शंका नाही. परंतु पुराणातल्या भूगोल-खगोलाला उत्तर द्यायचे म्हणून त्यात पृथ्वी, ग्रह, प्राणी यांची शास्त्रीय माहिती येत असे. शाळेत न जाता विज्ञान कळण्याचा मराठीतला हा एक आरंभीचा मार्ग होता. टपालाने आलेला कागद घ्यायचा आणि वाचायचा. याच 'ज्ञानोदया'त १८५५ साली मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेची विद्यार्थिनी होती.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. कागद सगळीकडे जाऊ शकत होता. मुक्ताच्या हातून निबंध लिहून झाला तो मात्र शाळेमुळे. शाळेत शिकवणारी सावित्रीबाई तयार झाली ती प्रत्यक्ष प्रशिक्षणातून. त्या काळात ज्ञान स्वस्तात दूरवर नेण्याचे साधन होते, तरी ते साधन आमच्या हातात यायला मधे एक जिवंत माणूस लागला. माझ्या मते सगळ्या दूरशिक्षणाच्या इतिहासाचे हे पहिले सूत्र आहे.

आणि शाळा म्हणजे तरी काय होती? १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. सरकारच्या पैशावर चालणाऱ्या शाळेचे दार सरकारलाच उघडता आले नाही. जोतीरावांच्या खासगी अभ्यासाच्या मागणीमागे दारिद्र्य जसे आहे, तशी ही बंद दारेही आहेत.

२. फळ्यामागचे डबे

एल्फिन्स्टन हायस्कुलात एक प्रमेय सोडवण्यासाठी शिक्षकांनी भीमरावांना फळ्याकडे बोलावले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. ते विटाळू नयेत म्हणून मुले डबे काढायला धावली. बाबासाहेबांच्या चरित्रांत हा प्रसंग आहे. गणित आणि विज्ञान ही तटस्थ असतात, असे आपण वर्गात सांगतो. भूमितीचे प्रमेय तटस्थ असेल, फळा तटस्थ नव्हता.

बाबासाहेबांना विज्ञान शिक्षणाचे महत्त्व किती वाटत होते, ते २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनावरून कळते. कला आणि कायदा यांचे शिक्षण आमची मुले कसेबसे घेतील, परंतु ज्या शिक्षणाने समाजाचा पाया बदलेल ते विज्ञान आणि तंत्र यांचे प्रगत शिक्षण, आणि ते इतके खर्चिक आहे की सरकारने हात दिल्याशिवाय अस्पृश्यांना मिळणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. विज्ञान-तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी त्यांनी वर्षाला २ लाख रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख रुपये मागितले. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय, ही संस्थात्मक उभारणी त्याच विचारातून झाली.

असे असूनही पुढच्या दोन-तीन पिढ्यांत आपली बहुसंख्य मुले कला शाखेकडे गेली. ती आळशी होती म्हणून गेली नाहीत. विज्ञानाला प्रयोगशाळेची फी, जर्नल, कॅल्क्युलेटर लागतो. प्रात्यक्षिके दुपारी असतात आणि गावाकडची शेवटची एस.टी. त्याआधी सुटते. तालुक्याच्या गावाबाहेर विज्ञान शाखा क्वचितच सापडते. यात भर पडते ती सल्ल्याची. माझ्या अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी खिडकीतल्या गृहस्थांनी गुणपत्रक न पाहता, जातीचा दाखला पाहून सांगितले होते, "आर्ट्स घे. स्कॉलरशिप तर मिळतेच की." या एका वाक्यात कितीतरी डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक जिरून गेले असतील.

आता याच्या शेजारी फोन ठेवून पाहा. फोनवरचा धडा जातीचा दाखला मागत नाही. त्या फळ्यामागे कोणाचे डबे नसतात. न समजलेला भाग पाचदा ऐकला तरी कोणी हसत नाही. आमच्याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला २८ एप्रिल २०१४ रोजी शिकत असलेल्या एका दलित मुलाचा खून झाला आणि २०१७ मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. अशा जिल्ह्यातला बाप आपल्या पोराला घरात बसून शिकता येईल का असे विचारतो, तेव्हा त्याला मागासलेला म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? ऑनलाइन शिक्षणाची आपल्या लोकांना वाटणारी ओढ नुसत्या चैनीची नाही. तिच्यात भीती आणि आत्मसन्मान दोन्ही आहेत. जे टीकाकार या ओढीला बाजाराची भूल म्हणून मोडीत काढतात, त्यांनी हे आधी समजून घ्यावे.

३. भाषेची भिंत

पण डबे निघाले म्हणून फळ्यावरचे वाचता येतेच असे नाही.

१९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. या केंद्राने सुरुवातीच्या काळात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील शाळांत काम केले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना घेऊन एक दीर्घ प्रयोग केला. वि. गो. कुलकर्णी आणि सु. चिं. आगरकर यांनी त्याचा वृत्तान्त लिहिला आहे. गुणवत्ता या मुलांत होतीच. ती अडली होती पुस्तकाच्या भाषेपाशी. मुलांशी बोलले, भाषेवर काम केले, चुका कोठे होतात ते शोधून मदत केली, तेव्हा विज्ञान-गणितातली त्यांची कामगिरी सुधारली. 'आमच्यात बुद्धी नाही' या जुन्या अपप्रचाराला प्रयोगाने दिलेले हे उत्तर आहे. प्रत्येक शिक्षकाने ते माहीत करून घ्यावे.

आज ही भिंत दुहेरी झाली आहे. पहिली भिंत मराठीतली. क्षपण, संयुजा, आम्लारी, विस्थापन हे शब्द आमच्या वस्तीत कोणी बोलत नाही. ज्या घरात संस्कृतची ऊठबस आहे त्या घरात ते निदान ओळखीचे वाटतात. दुसरी भिंत अकरावीला उभी राहते. दहावीपर्यंत त्वरण शिकलेली मुलगी विज्ञान शाखेत येते आणि पहिल्याच तासाला 'ॲक्सिलरेशन' ऐकते. तिला वाटते हे काहीतरी नवीनच आहे. तिचे ज्ञान नाहीसे झालेले नसते, फक्त त्याचे नाव बदललेले असते, आणि हे तिला कोणी सांगत नाही. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा २०१७ पासून मराठीतून देता येते. पण त्या प्रश्नपत्रिकेपर्यंत नेणारी अकरावी-बारावीची दोन वर्षे इंग्रजीतून शिकावी लागतात. शेवटचे दार मराठीत उघडले आणि जिना इंग्रजीतच ठेवला!

म्हणून फोनवर धडा शोधणाऱ्या विद्यार्थ्याला मी पहिले सांगते ते हे : दोन भाषांची वही कर. डाव्या बाजूला दहावीचा मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी शब्द, खाली आपल्या बोलीत अर्थ. अशी वही महिनाभर नीट ठेवली तर इंग्रजी कोर्सची निम्मी धास्ती जाते. ही वही कोणत्याही कंपनीच्या ॲपमध्ये तयार मिळत नाही, ती आपल्या हातानेच करावी लागते.

४. टपालापासून उपग्रहापर्यंत

जोतीरावांच्या मागणीला भारतात पद्धतशीर रूप यायला ऐंशी वर्षे लागली. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने टपालाने शिक्षण सुरू केले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे दूरदर्शनवरून खेड्यांना शिकवण्याचा 'साइट' हा मोठा प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत झाला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. १९७९ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मुक्त शाळेचा प्रकल्प घेतला आणि १९८९ मध्ये त्यातून राष्ट्रीय मुक्त विद्यालय झाले. त्याच वर्षी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. २०१७ च्या जुलैत केंद्र सरकारचे 'स्वयम' आणि सप्टेंबरात 'दीक्षा' आले.

आज शोधणाऱ्याला काय मिळते, तेही सांगते. 'स्वयम'वर अकरावी-बारावीचे भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित यांचे एन.सी.ई.आर.टी.ने केलेले अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, पण भाषा मुख्यतः इंग्रजी. 'दीक्षा'वर बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर संकेतांना जोडलेले मराठी साहित्य आहे. 'ओलॅब्ज' या संकेतस्थळावर नववी ते बारावीचे प्रयोग पडद्यावर करून पाहता येतात. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याच्या शेकडो फिती आणि पुस्तके सर्वांना खुली ठेवली आहेत. इतर मागास वर्ग आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी 'महाज्योती' ही सरकारी संस्था टॅब आणि प्रवेश परीक्षांचे ऑनलाइन प्रशिक्षण देते. एवढे फुकट उपलब्ध असताना हप्त्याने टॅब आणि क्लास विकणाऱ्यांच्या दारात जाण्याचे कारण नाही. तरीही कोर्स निवडताना काही गोष्टी विचाराव्यात. तो आपल्या मंडळाच्या अभ्यासक्रमाशी जुळतो का? सोडवायला प्रश्न आणि त्यांची उत्तरे आहेत का? धडा उतरवून घेऊन नेट नसताना पाहता येतो का? शंका विचारायची तर कोणाला? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'कोणालाच नाही' असे असेल, तर तो कोर्स अर्धाच आहे असे समजावे.

कारण यंत्र आले म्हणजे समता येत नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, तर शहरांत ४२ टक्के. त्यानंतर फोन वाढले. पण टाळेबंदीत शाळा बंद पडल्या तेव्हा काय झाले? ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत सुमारे १,४०० कुटुंबांची पाहणी झाली. ग्रामीण भागातील अनुसूचित जाती-जमातींची नियमित ऑनलाइन शिकणारी मुले ४ टक्के निघाली. इतरांची १५ टक्के. गाव गरीब, वस्ती गरीब, तरी त्या गरिबीतही जात आपली वाटणी करून बसलेली!

आमच्या पाथर्डी-शेवगाव भागातून दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला जातात. बरोबर गेलेली नववी-दहावीची पोर कोपीवर असते. पहाटे आईबरोबर मोळ्या बांधायच्या, धाकट्या भावंडांना सांभाळायचे, स्वयंपाक करायचा. घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात, कारण मुकादमाचा निरोप त्यावर येतो. जोतीरावांनी १८८२ साली लिहिले होते की कष्टकऱ्यांना गुरे राखायला आणि शेत सांभाळायला मुले हवी असतात म्हणून ती शाळेपासून दूर राहतात. गुरांच्या जागी मोळी आली. खासगी अभ्यासाला रिकामा वेळ, उजेड आणि एक कोपरा लागतो. ह्या तीन वस्तू सरकारच्या कोणत्याही पोर्टलवर मिळत नाहीत.

५. बचत कोणाची, कोणासाठी?

येथे जोतीरावांच्या मूळ मागणीकडे परत जाऊ. खासगी अभ्यासाने उच्च शिक्षणावरचा सरकारी खर्च वाचेल, असे ते म्हणाले होते. हे वाक्य आजचे राज्यकर्ते आनंदाने उचलतील. परंतु ते पूर्ण निवेदनाच्या संदर्भात वाचले पाहिजे. शेतकऱ्यांच्या घामाच्या पैशातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाला पैसा उरत नाही, हा त्या निवेदनाचा कणा आहे. वाचलेला पैसा गावच्या शाळेत यावा, हा त्यांच्या विचाराचा रोख आहे. गावची शाळा बंद करून घरी शिका, असे जोतीरावांनी कोठेही म्हटलेले नाही.

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले. कमी पटाच्या ह्या शाळा वाड्या-वस्त्यांवरच्या, तांड्यांवरच्या, आदिवासी पाड्यांवरच्या असतात, हे सांगायला नको. आज पट कमी म्हणून शाळा जाईल आणि उद्या सांगतील, फोन आहे ना? या डावपेचाविरुद्ध आपण सावध राहिले पाहिजे. खासगी अभ्यास हा आपला हक्क आहे. तो शाळेच्या जोडीला मागायचा आहे, शाळेच्या बदल्यात घ्यायचा नाही.

६. हाताचे ज्ञान आणि सोबतीचे ज्ञान

विज्ञान पाहून अर्धे कळते, करून पूर्ण कळते. ज्या समाजाने हाताने काम करणाऱ्याला खालचे मानले, त्या समाजात प्रयोगशाळा नेहमीच दुय्यम राहिली. पण आमच्या पूर्वजांचे हात रसायनशास्त्रच करीत होते. चुन्याच्या पाण्यात कातडे भिजवले की केस सुटतात, कारण चुना अल्कधर्मी आहे. बाभळीच्या सालीतले टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना धरून ठेवते, म्हणून ते कुजत नाही. दोरखंड वळताना पेड एकीकडे आणि दोर उलटीकडे पिळतात, म्हणून तो उकलत नाही. त्या धंद्यांचे गोडवे मी गात नाही. बाबासाहेबांनी गावकीची लादलेली घाणेरडी कामे सोडायला सांगितले ते योग्यच होते. माझे म्हणणे एवढेच की धंदा सोडला तरी त्यातले ज्ञान आपले होते, आणि पाठ्यपुस्तकाने त्याची नोंद घेतली नाही. आमच्या राहुरीला कृषी विद्यापीठ आहे आणि त्याला महात्मा फुले यांचे नाव आहे. ज्या माणसाने गावच्या शाळेत शेतीचे शास्त्र मागितले, त्याच्या नावाच्या विद्यापीठाच्या आसपासच्या वस्त्यांतली मुले प्रयोगाशिवाय विज्ञान पाठ करतात, ही विसंगती आपण सहन करता कामा नये.

सोबतीचे म्हणाल तर जामखेडचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायका, त्यांत कितीतरी निरक्षर आणि दलित, नियमित एकत्र बसून शिकल्या आणि गरोदरपण, बाळंतपण, मुलांचे जुलाब, क्षय, कुष्ठरोग यांवर गावात काम करू लागल्या. एकदा सांगून कोणी शिकले नाही. शिकायचे, गावात जाऊन करून पाहायचे, परत येऊन बोलायचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. जिला अक्षरओळख नव्हती तिने शरीरशास्त्र आत्मसात केले. मग दहावी झालेल्या मुलीला फोनवरचे भौतिकशास्त्र का येणार नाही? येईल, फक्त तिला एकटे सोडता कामा नये.

तेव्हा कार्यकर्ते, शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांपुढे माझा प्रस्ताव साधा आहे. आपल्या बहुतेक वस्त्यांत बुद्धविहार किंवा समाजमंदिर आहे. वर्षातून जयंतीला आणि परिनिर्वाणदिनाला ते भरते, एरवी कुलूप असते. ते कुलूप आठवड्यातून तीन संध्याकाळी काढा. एक पडदा किंवा जुना टी.व्ही., एक फोन, आधी उतरवून ठेवलेले धडे. धडा वीस मिनिटे, त्यावर बोलणे चाळीस मिनिटे. विज्ञान शाखेत शिकणारा वस्तीतला एक मोठा मुलगा किंवा मुलगी शंकांना उत्तरे देईल, आणि त्यांना अडले तर आमच्यासारखे शिक्षक फोनवर उत्तर देतील. मांडणीवर एक भिंग, दोन आरसे, लोहचुंबक, तांब्याची तार, लिंबू, हळद आणि चुन्याची निवळी. हळदीत चुना पडला की ती लाल होते, हे प्रत्येक घराला माहीत आहे. ती लाल का होते, हे सांगता आले की रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी कारखान्याच्या अड्ड्यावर अशीच बैठक साखर कारखान्याने आणि जिल्हा परिषदेने मिळून चालवावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. राज्यातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात १९५० मध्ये याच जिल्ह्यात प्रवरेला झाली. ऊस तोडणाऱ्याच्या पोरीला संध्याकाळी दोन तास उजेड देणे या कारखानदारीला जड नाही.

जोतीरावांनी विद्यापीठाकडे परीक्षेला बसू देण्याचा हक्क मागितला, बाबासाहेबांनी सरकारकडे विज्ञानासाठी पैसा मागितला. आपल्या पिढीने मागायचे ते तिसरे आहे : वस्तीत शिकण्याची जागा, आपल्या भाषेत धडा, हाताला प्रयोग आणि शेजारी बसणारा शिक्षक. यातले सरकारने द्यायचे ते भांडून घ्यावे लागेल. विहाराची किल्ली मात्र आपल्याच खिशात आहे.